सिस्टिम रिस्टोर तीनदा अपयशी ठरले: कारण कसे शोधावे आणि चौथा प्रयत्न करावा का?

अक्षरजुळारी (सोमवार, रात्री १०:१५)

नमस्कार मंडळी,

सांगलीत माझे अक्षरजुळणीचे आणि लहान छपाईचे दुकान आहे. सध्या लग्नपत्रिकांचा हंगाम असल्यामुळे दिवसाला सात-आठ प्रुफे काढावी लागतात, आणि नेमका याच वेळी दुकानातला मुख्य संगणक अडला आहे. त्यावर विंडोज ११ असून संगणक गेल्याच वर्षी घेतलेला आहे.

प्रिंटर संथ चालतो म्हणून दुकानातल्या मदतनीस मुलाने नऊ दिवसांपूर्वी ड्रायव्हर (उपकरणे चालवणारे प्रोग्रॅम) आपोआप अद्ययावत करणारे एक मोफत साधन उतरवून चालवले. त्या साधनाने एका बैठकीत अकरा ड्रायव्हर बदलले. दुसऱ्या दिवसापासून माझ्या जुन्या मांडणीच्या सॉफ्टवेअरचे डाँगल (परवान्याची यूएसबी किल्ली) ओळखले जाईना. डाँगलचा हिरवा दिवा लागतो, पण प्रोग्रॅम उघडताना की सापडत नसल्याची सूचना येते. या सॉफ्टवेअरमधला मजकूर युनिकोडमध्ये नाही. तीच फाइल दुसरीकडे उघडली, तर 'श्री गणेशाय नमः' च्या जागी इंग्रजी अक्षरे, कंस आणि टक्क्याची चिन्हे दिसतात. त्यामुळे काम दुसऱ्या संगणकावर नेण्याचाही मार्ग बंद आहे.

साधन चालण्याच्या काही मिनिटे आधीचा एक रिस्टोर पॉइंट (संगणकाची तेव्हाची जपलेली स्थिती) यादीत दिसतो. सिस्टिम रिस्टोर या विंडोजच्या सोयीने त्यावर मागे जाण्याचा मी तीनदा प्रयत्न केला. प्रत्येक वेळी संगणक पुन्हा सुरू होतो, वीस-पंचवीस मिनिटे फाइली पूर्ववत होत असल्याचा संदेश दिसतो आणि शेवटी सिस्टिम रिस्टोर पूर्ण झाले नाही, कोणताही बदल केलेला नाही, असे सांगितले जाते. पहिल्या दोन वेळा खाली ०एक्स८००७०००५ हा क्रमांक होता. तिसऱ्या वेळी घाईत तो टिपून घ्यायचा राहिला.

माझे प्रश्न दोन आहेत. हे अपयश नेमके कशामुळे येते हे कसे शोधावे? आणि असे पुन्हा पुन्हा प्रयत्न करणे संगणकाला घातक आहे का?

कोयनाकाठ (सोमवार, रात्री १०:३२)

चौथा प्रयत्न करण्याआधी सर्व पत्रिकांच्या फाइली आणि फाँट बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. बाकी सारे त्यानंतर.

सर्व्हररूम (सोमवार, रात्री ११:०५)

@कोयनाकाठ यांच्याशी पूर्ण सहमत. सिस्टिम रिस्टोर आपल्या दस्तऐवजांना हात लावत नाही हे खरे असले, तरी नंतर बसवलेले प्रोग्रॅम आणि ड्रायव्हर त्यात जातात. गेल्या नऊ दिवसांत नवा फाँट बसवला असेल, तर त्याची मूळ फाइलही जपून ठेवा.

आता पहिल्या प्रश्नाकडे येतो. पुण्यात एका कार्यालयातील दोनशेच्या आसपास संगणकांची देखभाल माझ्याकडे आहे आणि हा संदेश मी अनेकदा पाहिला आहे. लोक वरची दोन वाक्ये वाचतात आणि खालचा तपशील सोडून देतात, पण निदान बहुतेक वेळा त्या तपशिलातच असते. ०एक्स८००७ ने सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार अंक म्हणजे विंडोजचा मूळ त्रुटी क्रमांक असतो, मात्र तो षोडशमान (१६ पायाच्या) पद्धतीत लिहिलेला असतो. आपल्याकडचा ०००५ म्हणजे साधा ५. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'नेट हेल्पमेसेज ५' ही आज्ञा चालवली (आज्ञा इंग्रजीत टंकावी, तीत 'मेसेज' हा शब्द 'एमएसजी' असा आखूड लिहितात), तर 'प्रवेश नाकारला' या अर्थाचे उत्तर मिळते. म्हणजे रिस्टोर एखादी फाइल जुन्या रूपात बसवू पाहत आहे आणि कोणीतरी तिला हात लावू देत नाही. हा 'कोणीतरी' बहुतेक वेळा अँटिव्हायरस असतो, कारण स्वतःच्या फाइली आणि नोंदी कोणी बदलू नयेत म्हणून तो त्यांवर पहारा ठेवतो, आणि रिस्टोर नेमक्या त्याच नऊ दिवसांपूर्वीच्या रूपात न्यायला बघते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे, की अपयशी ठरलेले रिस्टोर सहसा केलेले बदल मागे घेऊनच थांबते, त्यामुळे केवळ प्रयत्न केल्याने हानी होत नाही. परंतु कारण न बदलता केलेला प्रयत्न त्याच ठिकाणी अडणार. मध्येच वीज गेली तर मात्र खरा धोका आहे, म्हणून यूपीएसशिवाय हे काम करू नका.

कृपया तीन गोष्टी कळवा: विंडोजच्या स्वतःच्या सुरक्षेशिवाय वेगळा अँटिव्हायरस आहे का, सी ड्राइव्हवर किती जागा रिकामी आहे, आणि पुढच्या वेळी येणारा संदेश शब्दशः.

निवांत_नागपुरी (मंगळवार, सकाळी ७:५०)

एक वेगळे मत मांडतो. केवळ डाँगलचा ड्रायव्हर बिघडला असेल, तर सगळा संगणक मागे नेण्याची गरजच काय? डिव्हाइस मॅनेजर उघडावे, त्या उपकरणाच्या गुणधर्मांत ड्रायव्हरच्या पानावर 'रोल बॅक ड्रायव्हर' हे बटण असते, ते दाबावे. बँकेतून निवृत्त झाल्यापासून घरचे दोन्ही संगणक मीच सांभाळतो; वेबकॅमचा ड्रायव्हर मी याच मार्गाने दोन मिनिटांत पूर्ववत केला होता. पायात काटा रुतला तर काटा काढावा, पाय कापू नये.

अक्षरजुळारी (मंगळवार, सकाळी ९:१०)

सर्वांचे आभार. काल रात्रीच ८४ जीबीचे काम बाहेरच्या डिस्कवर उतरवले. पहाटे अडीचला पूर्ण झाले.

@निवांत_नागपुरी काका, आपला उपाय आधी करून पाहिला. डाँगलसाठी ते बटण फिकट दिसते, दाबले जात नाही. शिवाय यूएसबीच्या मूळ नियंत्रकाचा ड्रायव्हरही बदललेला आहे आणि दोष डाँगलमध्ये आहे की तिथे, हे मला ठरवता येत नाही.

@सर्व्हररूम, होय, विकत घेतलेला वेगळा अँटिव्हायरस आहे. सी ड्राइव्हवर ६१ जीबी जागा रिकामी आहे.

सर्व्हररूम (मंगळवार, सकाळी ९:४०)

आधीचा ड्रायव्हर विंडोजने जपून ठेवला असेल तरच ते बटण दाबता येते. उपकरण काढून पूर्णपणे नव्याने बसवले गेले असेल, तर मागे जायला काही उरत नाही. @निवांत_नागपुरी यांचे तत्त्व मात्र योग्य आहे आणि एकच ड्रायव्हर बदलला असता तर मीही तेच सांगितले असते. अकरा ड्रायव्हर एकदम बदलले असताना रिस्टोर हाच सरळ मार्ग आहे.

आता सेफ मोडमधून, म्हणजे केवळ आवश्यक ड्रायव्हर आणि सेवांवर चालणाऱ्या विंडोजमधून, प्रयत्न करा. शिफ्ट दाबून धरून 'रीस्टार्ट' वर टिचकी मारा, मग ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज असे जा आणि यादीतला चौथा पर्याय निवडा. तिथे अँटिव्हायरसचा पहारा साधारणपणे सुरू होत नाही. एक गोष्ट लक्षात असू द्या: सेफ मोडमधून केलेले रिस्टोर 'अनडू' करता येत नाही.

तुळजाई_कॉम्प्युटर (मंगळवार, सकाळी ११:२०)

इतके दिवस घालवण्यापेक्षा संगणक फॉरमॅट करावा. तीन तासांत सगळे नवे होते.

कोयनाकाठ (मंगळवार, सकाळी ११:४५)

@तुळजाई_कॉम्प्युटर, विंडोज तीन तासांत बसेल; पण जुन्या डाँगलच्या सॉफ्टवेअरची सीडी, तिचा परवाना आणि तो बसवून देणारा माणूस आज सापडेल याची खात्री कोण देणार? माझ्या ओळखीच्या एका मुद्रकाने असेच फॉरमॅट केले आणि नंतर मूळ सीडीच वाचली जाईना. त्याचा पंधरा वर्षांचा साठा आजही न उघडता पडून आहे. अशा यंत्रावर फॉरमॅट हा सर्वांत शेवटचा उपाय.

तुळजाई_कॉम्प्युटर (मंगळवार, दुपारी १२:०५)

डाँगलच्या सीडीचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता, तो मान्य. तरीही रिस्टोरच्या आधी चेकडिस्क (डिस्क तपासणारी आज्ञा) 'आर' पर्यायासह चालवून घ्यावे, कारण खराब सेक्टर असतील तर कोणतेही रिस्टोर पूर्ण होणार नाही.

सर्व्हररूम (मंगळवार, दुपारी १:१५)

खराब सेक्टरची शंका रास्त आहे. फक्त क्रम सांभाळावा: आधी प्रत, मग तपासणी. 'आर' पर्याय संपूर्ण डिस्क वाचून काढतो आणि मरणपंथाला लागलेल्या डिस्कला तो ताण सोसत नाही. त्याऐवजी विंडोज चालू असतानाच 'स्कॅन' पर्यायाने तपासणी होते, तेवढी आधी करावी. त्यात दोष निघाला नाही, तर विंडोजच्या स्वतःच्या फाइली दुरुस्त करणाऱ्या दोन आज्ञा, आधी डिझमची 'रिस्टोरहेल्थ' आणि त्यानंतर 'एसएफसी स्कॅननाऊ', चालवाव्यात. अनेक जण हा क्रम उलटा लावतात. परंतु एसएफसी ज्या साठ्यातून चांगल्या फाइली उचलते, तो साठा डिझम दुरुस्त करते, त्यामुळे डिझम आधी.

मांडवीकिनारी (मंगळवार, सायंकाळी ४:३०)

गोव्यातील एका शाळेत मी संगणक शिकवते. रिस्टोर अपयशी का ठरते, हे समजण्यासाठी ते आत काय करते हे जाणून घेणे मला फार उपयोगी पडले, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

सिस्टिम रिस्टोर पहिल्यांदा आले ते २००० सालच्या विंडोज मिलेनियममध्ये. ते आणि त्यानंतरचे एक्सपी ठरावीक प्रकारच्या फाइलींवर लक्ष ठेवून त्यांच्या प्रती बाजूला काढत असे. व्हिस्टापासून पद्धत बदलली आणि हे काम व्हॉल्यूम शॅडो कॉपी या सेवेकडे गेले. ही सेवा फाइलींची नव्हे, तर डिस्कवरच्या तुकड्यांची नोंद ठेवते. रिस्टोर पॉइंट तयार होतो तेव्हा फारसे काही उचलले जात नाही. नंतर एखाद्या तुकड्यावर नवे लिहिले जाणार असेल, तेव्हा त्यातला जुना मजकूर आधी 'सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन' या लपवलेल्या फोल्डरमध्ये हलवला जातो. असा प्रत्येक तुकडा १६ केबीचा असतो.

शाळेतल्या जुन्या यंत्रांवर एका बाजूला एक्सपी आणि दुसऱ्या बाजूला विंडोज ७ होते. मुलांनी एक्सपी सुरू केले की विंडोज ७ चे सारे रिस्टोर पॉइंट नाहीसे होत. कितीतरी महिने मी मुलांना रागावत होते. पुढे समजले, की एक्सपीला नव्या पद्धतीच्या नोंदी कळत नाहीत आणि ते त्या ड्राइव्हवर लिहिते तेव्हा त्या नोंदी निकामी होतात. दोष मुलांचा नव्हताच. दुसऱ्या वर्षी त्या वर्गाला मी हे सविस्तर सांगितले.

@अक्षरजुळारी, प्रशासकाच्या अधिकाराने कमांड प्रॉम्प्ट उघडून 'व्हीएसएसअ‍ॅडमिन लिस्ट रायटर्स' ही आज्ञा चालवा. प्रत्येक रायटरच्या (शॅडो कॉपीच्या वेळी आपला डेटा तयार ठेवणाऱ्या घटकाच्या) नोंदीपुढे स्थिती 'स्टेबल' आणि त्रुटी 'नो एरर' असे दिसले पाहिजे. कोणी 'फेल्ड' दिसला, तर संगणक एकदा पूर्णपणे बंद करून सुरू करा. बरेचदा तेवढ्याने तो मार्गावर येतो. सेवांच्या यादीत व्हॉल्यूम शॅडो कॉपी थांबलेली दिसली तर मात्र घाबरू नका. ती गरजेपुरतीच सुरू होते.

अक्षरजुळारी (मंगळवार, रात्री १०:५०)

आजचा वृत्तांत असा. चेकडिस्कच्या तपासणीत दोष निघाला नाही. डिझम आणि एसएफसी क्रमाने चालवले. एसएफसीने काही फाइली दुरुस्त केल्याचे सांगितले. सर्व रायटर्स 'स्टेबल' आहेत.

त्यानंतर सेफ मोडमधून चौथा प्रयत्न केला. तोही अपयशी ठरला, पण या वेळी क्रमांक वेगळा आहे. समोर वही ठेवून संदेश शब्दशः उतरवला. त्याचा आशय असा: रिस्टोर पॉइंटमधून फोल्डर पूर्ववत करताना सिस्टिम रिस्टोर अपयशी ठरले. स्रोत: अ‍ॅपएक्सस्टेजिंग. गंतव्य: प्रोग्रॅम फाइल्समधील विंडोजअ‍ॅप्स. क्रमांक: ०एक्स८००७००९१.

सर्व्हररूम (मंगळवार, रात्री ११:२५)

आता नेमका धागा हाती लागला. अँटिव्हायरसचा अडथळा दूर झाला म्हणूनच रिस्टोर पुढच्या अडथळ्यापर्यंत पोहोचले, असे समजा.

षोडशमान ९१ म्हणजे आपल्या पद्धतीने १४५. 'नेट हेल्पमेसेज १४५' चे उत्तर आहे: फोल्डर रिकामे नाही. स्टोअरमधून आलेले अ‍ॅप ज्या विंडोजअ‍ॅप्स फोल्डरमध्ये राहतात, त्या जागी रिस्टोर जुने फोल्डर ठेवू पाहते. तिथे आधीचे भरलेले फोल्डर आहे आणि ते हटत नाही, म्हणून सारे काम थांबते. एका कॅलक्युलेटरच्या फोल्डरपायी तुमचे डाँगल अडले आहे.

उपाय असा, की त्या फोल्डरचे नाव बदलून जागा मोकळी करायची. ते पुसू नका, केवळ नाव बदला. हे काम विंडोजच्या आतून नीट होत नाही, म्हणून ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, कमांड प्रॉम्प्ट या मार्गाने रिकव्हरीच्या पडद्यावरून करा. तिथे तुमचा सी ड्राइव्ह डी किंवा ई या नावानेही दिसू शकतो, म्हणून 'डीआयआर' आज्ञेने प्रोग्रॅम फाइल्स कुठे आहे हे आधी पाहा. त्या फोल्डरमध्ये जाऊन 'अ‍ॅट्रिब' आज्ञेने विंडोजअ‍ॅप्सचा लपलेपणा काढा, 'रेन' आज्ञेने त्याचे नाव विंडोजअ‍ॅप्सजुने अशा अर्थाचे काही ठेवा, आणि मग विंडोज सुरू न करता तिथूनच सिस्टिम रिस्टोर चालवा.

चौकटराजा_इंदूर (बुधवार, सकाळी ८:१५)

'तिथूनच चालवा' या शब्दांवर मी विशेष भर देईन. दोन वर्षांपूर्वी माझ्या लॅपटॉपवर चालू विंडोजमधून रिस्टोर केले. ते पूर्ण झाले आणि पुन्हा सुरू होताना निळा पडदा आला, क्रमांक ०एक्ससी००००२१ए. काही केल्या विंडोज उघडेना.

त्यामागचे कारण मला नंतर कळले. चालू विंडोजमध्ये ज्या फाइली वापरात असतात त्या लगेच बदलता येत नाहीत, म्हणून रिस्टोर त्या बाजूला मांडून ठेवते आणि पुन्हा सुरू होताना जागेवर बसवते. अद्यतनाच्या आधीच्या बिंदूवर जाताना एखाद्या ड्रायव्हरची फाइल आणि तिच्या डिजिटल सहीची नोंद यांचा मेळ त्या क्षणी बसत नाही, आणि विंडोज सही न पटलेला ड्रायव्हर स्वीकारत नाही. स्टार्टअप सेटिंग्जमध्ये जाऊन एफ७ दाबले, म्हणजे त्या एका वेळेपुरती सहीची तपासणी थांबवली, तर उरलेले काम पूर्ण होते. माझे झाले, पण ती रात्र विसरता येत नाही. रिकव्हरीच्या पडद्यावरून रिस्टोर केले, तर हा प्रसंग टळतो.

अक्षरजुळारी (बुधवार, दुपारी २:४०)

नवी अडचण. रिकव्हरीच्या पडद्यावर कमांड प्रॉम्प्ट निवडताच ड्राइव्ह कुलूपबंद असल्याचे सांगून ४८ अंकी की मागितली जाते. मी असे कुलूप कधीच लावले नव्हते. की ज्या खात्यात ठेवली आहे असे सांगतात, ते खाते माझ्या भाच्याचे आहे. संगणक आणला त्या दिवशी त्यानेच आपल्या खात्याने तो सुरू करून दिला होता. तो आता जहाजावर नोकरीला आहे आणि बंदराला लागेपर्यंत त्याच्याशी बोलणे होत नाही. शनिवारी दोन पत्रिका द्यायच्या आहेत. बाहेर येऊन साधे विंडोज सुरू केले, तर ते नेहमीप्रमाणे उघडते.

मांडवीकिनारी (बुधवार, दुपारी ३:०५)

नेहमीचे विंडोज उघडत असेल, तर भाच्याची वाट पाहण्याचे कारण नाही. त्या विंडोजमध्ये प्रशासकाच्या अधिकाराने कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि ही आज्ञा इंग्रजीत टंका: मॅनेज-बीडीई -प्रोटेक्टर्स -गेट सी: . उत्तरात 'न्यूमेरिकल पासवर्ड' या शीर्षकाखाली सहा-सहा अंकांचे आठ गट दिसतील. तीच ती की. तिच्या वरचा ओळख क्रमांक आणि रिकव्हरीच्या पडद्यावर दिसणारा ओळख क्रमांक सारखे आहेत ना, हे पडताळून पाहा. की कागदावर उतरवा. त्याच संगणकात ठेवलेली की कुलपाच्या आत ठेवलेल्या किल्लीसारखी असते.

हल्ली नवा संगणक ऑनलाइन खात्याने सुरू केला की अनेकदा हे कुलूप आपोआप लागते आणि घरातल्या कोणाच्या खात्यात की आहे हे मालकाला माहीतच नसते. शाळेतल्या पालकांनाही मी आता पहिल्यांदा हेच विचारते.

निवांत_नागपुरी (बुधवार, सायंकाळी ५:२०)

@मांडवीकिनारी ताई, आपले लेखन वाचून लगेच दोन्ही संगणकांवर आज्ञा चालवली. एकावर कुलूप निघाले, आणि तो सौभाग्यवतींचा! की डायरीत लिहून ठेवली. मनापासून धन्यवाद.

अक्षरजुळारी (गुरुवार, रात्री १२:३५)

मंडळी, काम झाले.

मांडवीकिनारी ताईंच्या आज्ञेने की लगेच मिळाली. दुकानाच्या हिशेबाच्या वहीच्या शेवटच्या पानावर मी ती मोठ्या अक्षरांत लिहिली आणि मदतनीस मुलाकडून एकेक गट मोठ्याने वाचून घेत रिकव्हरीच्या पडद्यावर टंकली. प्रोग्रॅम फाइल्स खरोखरच डी ड्राइव्हवर दिसत होते. 'डीआयआर' आधी चालवले नसते, तर मी सीमध्येच शोधत राहिलो असतो. फोल्डरचे नाव बदलले. सर्व्हररूम यांनी सांगितल्याप्रमाणे विंडोज सुरू न करता तिथूनच रिस्टोर निवडले. यूपीएस पूर्ण भरलेला होता, तरी शेजारच्या दुकानातला पंखा मंदावला की आम्ही दोघेही दिव्याकडे पाहत होतो. रजिस्ट्री पूर्ववत होत असल्याचा संदेश बराच वेळ हलला नाही, तेव्हा मुलगा बंद करू का म्हणून विचारत होता. त्याचा हात धरून ठेवला. एकूण ४७ मिनिटे लागली.

विंडोज उघडले आणि रिस्टोर यशस्वी झाल्याचा संदेश आला. डाँगल लावले, प्रोग्रॅम उघडला, मग शनिवारच्या पत्रिकेची फाइल. 'श्री गणेशाय नमः' जागच्या जागी होते. रात्री अकराला पहिले प्रूफ निघाले.

अँटिव्हायरस मात्र आपल्या फाइली जुन्या झाल्याची तक्रार करत आहे. तो उद्या काढून नव्याने बसवतो.

कोयनाकाठ (गुरुवार, सकाळी ७:०५)

फार आनंद झाला. ते ड्रायव्हर बदलणारे साधन अजून संगणकात असेल, तर आजच काढा, नाहीतर ते पुन्हा अकरा ड्रायव्हर बदलेल.

पुस्तकघर (गुरुवार, सकाळी १०:१०)

याच विषयाला जोडून विचारते. माझ्याकडे रिस्टोर अपयशी ठरत नाही, तर गरज लागते तेव्हा एकही रिस्टोर पॉइंट शिल्लक नसतो. पंधरा दिवसांपूर्वी मी स्वतः तयार केलेला बिंदूही गेला. असे का होते?

सर्व्हररूम (गुरुवार, सकाळी ११:३०)

@पुस्तकघर, याचे उत्तर संगणकाकडेच असते. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिमच्या नोंदी उघडा आणि 'व्हॉलस्नॅप' हा स्रोत शोधा. नोंद क्रमांक ३६ असेल, तर शॅडो कॉपीसाठी ठरवलेल्या जागेची मर्यादा संपल्यामुळे बिंदू टाकून दिला आहे, मर्यादा वाढवा. क्रमांक २५ असेल, तर डिस्कवर इतक्या वेगाने लेखन झाले की राखीव जागा वेळेत वाढू शकली नाही. मोठ्या फाइलींची नक्कल किंवा डिफ्रॅग चालू असताना हे घडते. 'व्हीएसएसअ‍ॅडमिन लिस्ट शॅडोस्टोरेज' या आज्ञेने सध्याची मर्यादा दिसते. आज्ञेने ती ३२० एमबीपेक्षा कमी करता येत नाही, परंतु प्रत्यक्ष वापरासाठी तेवढी अगदीच अपुरी आहे. २५६ जीबीच्या डिस्कवर मी १० जीबी ठेवतो.

आणखी दोन कारणे तपासा. अनेक नव्या संगणकांवर सिस्टिम प्रोटेक्शन मुळात बंदच असते, आणि ते बंद केले की आधीचे सारे बिंदू जातात. तसेच बिंदूला वयोमर्यादाही आहे: जून २०२५ च्या अद्यतनानंतर विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत ते ६० दिवसांपर्यंतच ठेवले जातात. एखाद्या प्रोग्रॅमने बिंदू मागितला आणि मागच्या २४ तासांत एक तयार झालेला असेल, तर विंडोज नवा करत नाही, हेही ध्यानात असू द्या.

तुळजाई_कॉम्प्युटर (गुरुवार, दुपारी १:००)

यात भर घालतो. खंडणीखोर व्हायरस सर्वांत आधी हेच बिंदू पुसतात; २०१७ मधल्या वॉनाक्रायने शॅडो कॉपी पुसण्याची आज्ञा चालवली होती. ग्राहक जेव्हा म्हणतात की 'रिस्टोर आहे, मग बॅकअप कशाला', तेव्हा मी त्यांना हे सांगतो. बिंदू त्याच डिस्कवर असतो, ती गेली की तोही गेला.

अक्षरजुळारी (शुक्रवार, रात्री ९:२०)

नाव बदललेले जुने विंडोजअ‍ॅप्स फोल्डर साडेअकरा जीबीचे आहे. ते आता पुसू का?

सर्व्हररूम (शुक्रवार, रात्री ९:५५)

आठवडाभर थांबा. कॅलक्युलेटर, फोटो आणि स्टोअर ही तिन्ही अ‍ॅप्स नीट उघडतात का ते पाहा. एखादे उघडले नाही, तर स्टोअरमधून ते पुन्हा बसवा. सारे सुरळीत असेल, तर फोल्डरची मालकी स्वतःकडे घेऊनच ते पुसता येईल. आपल्याकडे जागा पुरेशी आहे, तेव्हा हंगाम संपेपर्यंत ते तसेच राहू दिले तरी काही बिघडत नाही.

अक्षरजुळारी (शुक्रवार, रात्री १०:१०)

तसेच करतो. दोन्ही पत्रिका आज संध्याकाळी छापून तयार झाल्या. मर्यादा १० जीबी केली आणि दुकान बंद करण्यापूर्वी एक नवा रिस्टोर पॉइंट हाताने तयार केला. त्याला नाव दिले आहे: डाँगल चालू.